स्क्रूवाल्या कवळीचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

पंधरा दिवसांत तोच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. साठीनंतर स्क्रूवाली कवळी बसवू नका, हाड स्क्रू धरत नाही, शुगरवाल्यांचं तोंड सडतं, नस तुटून तोंड वाकडं होतं, नंतर एमआरआय करता येत नाही, आणि साधी कवळी तेवढंच काम करते, हा सगळा पैसे काढायचा धंदा आहे, असं त्यात लिहिलंय. स्क्रूवाली म्हणजे हाडात टायटॅनियम धातूचे स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, बसवायचे आणि त्यावर कवळी बटणासारखी टक्कन लावायची, रोज काढता येते. माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी खालच्या जबड्याला ही बसवली, आम्ही मालवणचे. शेजारच्या काकींनी हा मेसेज वाचून ठरलेली अपॉइंटमेंट रद्द केली, म्हणून लिहायला बसले.

पहिलं हाडाचं. आई तेव्हा ७१ वर्षांची होती आणि हाडाने स्क्रू धरले. टायटॅनियम हाडाला चिकटून एकजीव होतं हे १९५२ मध्ये स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं, सशाच्या पायात बसवलेलं टायटॅनियमचं यंत्र त्यांना परत काढताच येईना, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवले, ते त्या माणसाला ४० वर्षं, शेवटपर्यंत पुरले. वयापेक्षा हाड किती उरलंय ते महत्त्वाचं, आणि ते स्कॅनमध्ये दिसतं. उलट दात गेल्यावर नुसती वाट बघत बसलं तर हाड झिजत जातं, त्यातही खालच्या जबड्याचं वरच्याच्या साधारण चौपट, म्हणून तर खालची साधी कवळी दरवर्षी जास्त सैल होत जाते. साठीनंतर नको म्हणून थांबणं म्हणजे उरलेलं हाडही घालवणं.

शुगरचं म्हणाल तर आईला शुगर आहे. डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट करायला लावली, ती आटोक्यात येईपर्यंत दीड महिना थांबवलं, मगच पुढे गेले. ताब्यात नसलेल्या शुगरमध्ये जखम भरायला त्रास होतो हे खरंच आहे, पण म्हणून सगळ्यांनाच नाही म्हणायचं कारण नाही. आणि ज्या गोष्टीची आमच्याकडे खरी भीती घालायला हवी ती मशेरी, तिचं त्या मेसेजमध्ये नावसुद्धा नाही! तंबाखूने हिरड्या आणि हाड दोन्ही खराब होतात. आईची चाळीस वर्षांची सवय होती, ती सोडवताना घरात रोज वाद झाले. जबड्याला रेडिएशन झालंय किंवा हाडांच्या जोरदार औषधांची इंजेक्शनं चालू आहेत त्यांनीही आधी डॉक्टरांना तसं सांगायलाच हवं.

नस तुटून तोंड वाकडं, हे तर साफ चूक. खालच्या जबड्यातून जाते ती नस संवेदनेची, तिला धक्का लागला तर ओठ-हनुवटी बधिर होते, तोंड वाकडं होत नाही, चेहरा हलवणारी नस वेगळीच. आणि कवळीसाठीचे दोन इम्प्लांट हनुवटीच्या वर पुढच्या भागात बसवतात, ती नस त्याच्या मागे लहान दाढांच्या खाली बाहेर पडते. एमआरआयचं थोडक्यात, टायटॅनियम लोहचुंबकाला ओढलं जात नाही. कवळी काढून जायची, आणि तुमच्या कवळीत मॅग्नेट असेल तर तेवढं आधी सांगायचं, झालं.

आता "साधी कवळी तेवढंच काम करते" हे वाक्य. ते वाचून मला खरोखर राग आला, कारण आईचे साध्या कवळीचे हाल मी सहा वर्षं बघितलेत. खालची कवळी जिभेने दाबून धरत बोलायचं, लग्नात पदर तोंडाला, पावडर लावली तरी जेवताना अर्ध्यात सुटायची, काजूचा कण खाली गेला की हिरडीला जखम, मग चार दिवस पेज. इम्प्लांट बसवून तीन-साडेतीन महिने थांबलो, मग कवळी जोडली, आणि त्या आठवड्यात आई म्हणाली, "गो, आज माका पेज नको, भाकरी दी." तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं, शांतपणे चावत बसली होती. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले, त्यांनी सांगितलं की खाली एकही दात नसेल तर पहिला पर्याय दोन इम्प्लांटवरची कवळीच असावी. वरच्या जबड्याला मात्र साधी कवळी टाळूला बरी धरते, तिथे घाई नको, आणि करायचीच तर साधारण चार इम्प्लांट लागतात.

खर्च जास्त येतो, हे मी नाकारत नाही, आम्हीही दागिना मोडला. आणि बसवली की काम संपलं असंही नाही. कवळीच्या आतल्या नायलॉनच्या रिंगा झिजतात, वर्षा-दीड वर्षाने बदलायच्या, रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, इम्प्लांटच्या भोवती मऊ ब्रश फिरवायचा, नाहीतर तिथली हिरडी सुजते. आईची टक्कन बसायची ती आता जरा मऊ बसते, म्हणजे रिंगा झिजल्या. गणपतीच्या आधी नेणार आहे तिला, काकींनाही सोबत चला म्हटलंय.