सिनात्राचं ते गाणं नासासाठी लिहिलेलं नाहीये, प्लीज!

मामांचे फॉरवर्ड मी एरवी न वाचताच सोडून देते, पण भाचीने हा आख्खा शाळेच्या भाषणात घातलाय म्हटल्यावर गप्प बसवेना. फॉरवर्ड असा: अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी गायक फ्रँक सिनात्राला बोलावून सांगितलं की देशाला चंद्रावर जायची उमेद येईल असं काहीतरी कर, मग सिनात्राने एका रात्रीत 'फ्लाय मी टू द मून' लिहिलं, रेकॉर्ड ऐकून केनेडींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुढे आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवताच हेच गाणं मोठ्याने लावलं. खाली हात जोडलेले इमोजी, अर्थातच.

आधी ते डोळ्यांतलं पाणी बघू. सिनात्राने हे गाणं रेकॉर्ड केलं १९६४ मध्ये, काउंट बेसीच्या बँडबरोबर. केनेडींची हत्या नोव्हेंबर १९६३ मधली. मग रडलं कोण?

आणि लिहिलं सिनात्राने? अजिबात नाही. लिहिलं बार्ट हॉवर्डने, न्यूयॉर्कच्या कॅबरे क्लबांमध्ये पियानो वाजवणारा माणूस, तेही १९५४ मध्ये, म्हणजे पहिला उपग्रह स्पुटनिक उडायच्या तीन वर्षं आधी आणि नासा स्थापन व्हायच्या चार वर्षं आधी, केनेडी तेव्हा नुसते सिनेटर होते हो! त्याच वर्षी के बॅलार्डने ते डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी गायलं, रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला, आणि लेबलवर नाव काय तर 'इन अदर वर्ड्स'. ते एक लेबल बघितलं की बाकी वाद घालायची गरजच उरत नाही. चंद्राचं नाव गाण्याला अधिकृतपणे चिकटलं ते नंतर, गायिका पेगी लीच्या आग्रहामुळे, कारण लोक 'फ्लाय मी टू द मून' या पहिल्या ओळीवरूनच गाणं ओळखायचे.

मूळ गाणं तर वॉल्ट्झ आहे, तीनच्या ठेक्यातलं, हळुवार. आपण ज्यावर पाय हलवतो तो चारचा स्विंग संगीत-संयोजक क्विन्सी जोन्सने सिनात्रासाठी बांधला, दहा वर्षांनी. त्याचं श्रेय सिनात्राच्या टीमला खुशाल द्या, पण हॉवर्डचं नाव पुसून टाकायचं हे फारच झालं. गाणं वीस मिनिटांत झालं, पण असं वीस मिनिटांत लिहायचं कसं हे कळायला वीस वर्षं गेली, असं तो म्हणायचा. एका रात्रीत म्हणे!

चंद्रावर मोठ्याने लावलं, हे तर सातवीतल्या पोरानेही हाणून पाडावं. तिथे हवा नाही, आवाज जाणार कशातून?

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. मे १९६९ मध्ये अपोलो १० च्या अंतराळवीरांकडे कॅसेट प्लेयर होता आणि त्यावर सिनात्राचं हे गाणं खरंच वाजलं. फक्त त्यात आर्मस्ट्राँग नव्हता आणि ते यान चंद्रावर उतरलंही नाही, घिरट्या घालून परत आलं.