सगळ्या प्रश्नांना 'नाही'

रक्तदानाला गेलात की सुईच्या आधी फॉर्म येतो. त्याला भिऊ नका. अक्षरं बारीक, प्रश्न लांबलचक, आणि मागे उभ्या असलेल्या मित्राला ड्युटीवर जायची घाई. नाव, फोन नंबर, रक्तगट नीट लिहा आणि पुढे सरसकट 'नाही' वर खुणा करत सुटा. पेन कुठे अडलंच तर मित्र आहेच: "अबे, 'नाही' लिही नं! टेस्ट तर करतेच नं ते लोक."

करतातच. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया, या पाचांसाठी प्रत्येक पिशवी तपासणं आपल्याकडे सक्तीचं आहे. एवढी मशीन बसवून ठेवली असताना खरं बोलून तिचा अपमान कशाला करायचा?

मशीनला फक्त एक खोड आहे. विषाणू अंगात शिरला की लगेच तिला दिसत नाही. नेहमीच्या एलायझा तपासणीत बहुतेकदा अँटीबॉडी शोधतात, आणि त्या तयार व्हायला शरीर आपला वेळ घेतं. एचआयव्हीला साधारण तीन आठवडे, हिपॅटायटिस सी ला तर दोनेक महिनेही लागू शकतात. त्या काळात रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि रक्तातून रोग मात्र बिनबोभाट पुढे जातो. याला विंडो पीरियड म्हणतात. नॅट नावाची महागडी तपासणी थेट विषाणूच शोधते, म्हणून एचआयव्हीची ही फट दहा-अकरा दिवसांवर येते, बुजत नाही. शिवाय नॅट देशभर सक्तीची नाही. म्हणजे मधल्या दिवसांत तुमच्या रक्ताबद्दल काही ठाऊक असलंच तर ते एकट्या तुम्हाला, आणि विचारणारा एकटा तो फॉर्म. पण तुम्ही 'नाही' लिहिलं आहे, तेव्हा विषय संपला.

गेल्या महिन्यात दंडावर वाघ गोंदवून घेतला? बाही खाली ओढा. गोंदवल्यावर वर्षभर थांबा म्हणतात. वर्षभर थांबायला वाघाला काय झालंय! कावीळ झाली होती? ती तर गावच्या वैदूने झाडपाल्यावर उतरवली, रिपोर्टच नाही, मग ती बी होती की सी हे सांगणार कोण? आणि तो शरीरसंबंधांचा प्रश्न तर वाचूच नका. शेजारी काकाजी बसले आहेत, समुपदेशक बाई समोर आहेत, खुर्च्यांमध्ये हातभर अंतर. (आडोसा केला असता तर एखादा खरं बोलला असता. पण मंडपाचा खर्च स्टेजवर झालेला असतो.)

कुठे काही गडबड केली असेल आणि धाकधूक असेल, तर रक्तदानासारखी सोय नाही. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत एचआयव्हीची तपासणी फुकट होते, नाव गुप्त ठेवतात, समुपदेशनही करतात, 1097 वर फोन लावला तर सगळं समजावून सांगतात. पण तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर? त्यापेक्षा भाऊंच्या वाढदिवसाचं शिबिर बरं. तपासणी होते, वर प्रमाणपत्र, बिस्किटं आणि टिफिनचा डबा. तुमची शंका फिटते. न फिटलेली पिशवीत जाते.

पैशाची अडचण असेल तर दवाखान्याच्या फाटकावर पेशंटचे भाचे व्हा. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालाने बंदी आणली, ती 1 जानेवारी 1998 पासून लागू आहे. पण भाचा होण्यावर कुठे बंदी आहे? मामाचं आडनाव तेवढं पाठ करून जा.

तुमच्या या चलाखीचा लाभ एकालाच होतो असं समजू नका. एका पिशवीतून लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे काढतात, म्हणजे एक 'नाही' तिघांपर्यंत पोचू शकतो. त्यातून आपला विदर्भ म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा मुलूख, आणि थॅलेसेमिया या तशाच दुसऱ्या आजाराची लेकरंही आहेत. थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. वर्षाकाठी पंधरा-वीस अनोळखी माणसांनी फॉर्मवर काय लिहिलं, यावर ते पोर शाळेत जातं. 2022 च्या मे महिन्यात नागपुरातल्या अशा चार मुलांना एचआयव्हीची बाधा झाल्याची आणि त्यातलं एक दगावल्याची बातमी आली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली. तेव्हा तुम्हीही व्हॉट्सॲपवर हळहळला असाल, 'रक्तपेढ्यांवर कारवाई झालीच पाहिजे' असा मेसेज पुढे ढकलला असेल. कारवाई व्हावीच. पिशवी तपासणारा सापडतो, परवाना असतो, नोटीस बजावता येते. फॉर्म भरणाऱ्याला कोण नोटीस काढतं!

आता शेवटचं. शिबिरानंतर काही दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन येईल. पलीकडून हळू आवाजात विचारतील, "एकदा भेटायला येता का? फोनवर सांगता येत नाही." कर्जवाल्यांचा समजा आणि नंबर ब्लॉक करा. आलाच पुन्हा दुसऱ्या नंबरवरून, तर म्हणा, मी तो नाहीच. तीन महिन्यांनी दुसऱ्या प्रभागातल्या भाऊंचा वाढदिवस आहे, आणि ते या वेळी हेल्मेट वाटणार आहेत म्हणे.