आधी मेलेली सेशन्स मोजा, मग लायसन्स विका!

"युजर लिमिट संपलीय, आणखी पाच युजरचं लायसन्स घ्यावं लागेल." डेटाबेस कनेक्ट होत नाही म्हणून फोन केला की सपोर्टवाल्याचं उत्तर हेच. एरर नंबर विचारणार नाही, सेशनची, म्हणजे डेटाबेसमध्ये चालू असलेल्या लॉगिनची, यादी बघणार नाही, थेट कोटेशन. तेही मार्चअखेरीला, अकाउंट्सची माणसं रात्री उशिरापर्यंत बसलेली असताना आणि मालक "काय लागेल ते घ्या पण चालू करा" म्हणत असताना. ही सरळ लूट आहे आणि ती थांबत नाही, कारण गिऱ्हाइकाला नेमकी अडचण कुठे आहे ते कळत नाही.

ओरॅकल डेटाबेसमध्ये ओआरए-०००१९ ही एरर आली तर ती लायसन्सची मर्यादा. कुणीतरी कधीकाळी लायसन्स_मॅक्स_सेशन्स या पॅरामीटरमध्ये (सेटिंगमध्ये) आकडा भरून ठेवलेला असतो. मुळात तो ० असतो, म्हणजे मर्यादाच नाही. एकाच वेळी किती सेशन्स यावर लायसन्स विकणं ओरॅकलनं केव्हाच बंद केलंय, हा पॅरामीटर जुन्या सिस्टिमसाठी मागे राहिलाय. व्ही-डॉलर-लायसन्स हा व्ह्यू, म्हणजे डेटाबेसचा तयार तक्ता, उघडा. कमाल किती, आत्ता किती आणि डेटाबेस शेवटचा चालू केल्यापासून सर्वांत जास्त किती, तिन्ही आकडे एका ओळीत दिसतात. रिस्ट्रिक्टेड सेशनचा अधिकार असलेला डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, मर्यादा भरल्यावरही आत जाऊ शकतो, त्यामुळे "आता आम्हालाही लॉगिन होत नाही" ही सबब चालत नाही.

पण फोन येतात ते बहुतेक वेगळ्याच एररचे. ओआरए-०००१८ म्हणजे सेशन्सची सेटिंग भरली, ओआरए-०००२० म्हणजे प्रोसेसेसची, म्हणजे ती सेशन्स चालवायला सर्व्हरवर किती प्रोग्राम उघडायचे त्याची. दोन्हींचा लायसन्सशी काडीचा संबंध नाही! ओआरए-१२५१९चंही तेच; ती लिसनरकडून येते, म्हणजे येणारी कनेक्शन्स दारात घेणाऱ्या प्रोग्रामकडून. जुन्या १०जी एक्सप्रेस आवृत्तीत प्रोसेसेस ४० वर ठेवलेली असत, त्यावरून सेशन्स निघत ४९, आणि त्यातली बरीच जागा डेटाबेसच्या स्वतःच्या बॅकग्राउंड प्रोसेस खात. व्ही-डॉलर-रिसोर्स_लिमिटमध्ये प्रोसेसेसचा कमाल वापर मर्यादेला टेकलेला दिसला की प्रोसेसेस १५० करायची, स्कोप एसपीफाइल ठेवायचा (म्हणजे बदल सेटिंगच्या फाइलमध्ये लिहायचा), डेटाबेस बंद करून चालू करायचा. रीस्टार्टशिवाय हा बदल लागू होत नाही. खर्च शून्य. आणि यासाठी लोकांना लायसन्स विकलं जातं! आकडे बघताना एक ध्यानात ठेवा: लिसनरला किती जागा भरल्या हे डेटाबेस ठरावीक अंतरानं कळवतो. कनेक्शन्स भराभर उघडत-मिटत असतील तर आत जागा असूनही लिसनर दारातून परत पाठवतो.

आता मेलेल्या सेशन्सचं. लॅपटॉप झाकला, वायफाय तुटलं, वीज गेली, तर सर्व्हरला काहीच कळत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचा कीप-अलाइव्ह, म्हणजे पलीकडचा जिवंत आहे का ही तपासणी, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर मुळात दोन तासांचा, आणि तोसुद्धा प्रोग्रामनं मागितला तरच. तोवर ते सेशन जागा अडवून बसतं. उपाय सर्व्हरवरच्या एसक्यूएलनेट डॉट ओरा फाइलमधली एक ओळ: एसक्यूएलनेट डॉट एक्स्पायर_टाइम = १०. दर दहा मिनिटांनी पलीकडे कुणी आहे का ते तपासलं जातं. जुन्या कनेक्शनला ती लागू होत नाही, नवीन कनेक्शनपासून होते.

यातही अर्धवट माहितीचे लोक युजरच्या प्रोफाइलमध्ये आयडल_टाइम (किती वेळ रिकामं बसू द्यायचं ती मर्यादा) लावून मोकळे होतात. त्यानं सेशनची स्थिती 'स्नाइप्ड' होते, पण ते यादीतून जात नाही. क्लायंटनं पुढची हाक मारेपर्यंत ते तिथंच राहतं आणि मोजलंही जातं. नव्या आवृत्त्यांत मॅक्स_आयडल_टाइम आहे, तो सेशन खरोखर संपवतो. जुन्या आवृत्तीत स्नाइप्ड सेशन्स शोधून किल सेशन इमिजिएटनं काढणारा जॉब लावावा लागतो.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसबद्दलचा खोटेपणा तर आणखी चीड आणतो. "फुकटची आवृत्ती आहे, पाचच युजर चालतात" असं बिनदिक्कत सांगतात. आठपेक्षा जास्त कामं एकदम आली की मुद्दाम मंदावणारा गव्हर्नर एमएसडीई २००० या तिच्या आधीच्या फुकट आवृत्तीत होता. २००५ च्या एक्सप्रेसपासून तो काढला. एक्सप्रेसला मर्यादा आहे ती मेमरीची, कोअरची आणि डेटाबेसच्या आकाराची, २००८ आर२ ते २०२२ या आवृत्त्यांत १० जीबी. युजरची नाही.

मग एकविसावा माणूस का अडतो? कारण डेटाबेस विंडोज १० किंवा ११ च्या साध्या पीसीवर ठेवलाय आणि प्रोग्राम त्याला टीसीपी/आयपीऐवजी नेम्ड पाइप्स या विंडोजच्या पद्धतीनं जोडतोय. डेस्कटॉप विंडोजवर फाइल शेअरिंगच्या रस्त्यानं येणारी कनेक्शन्स २० वर थांबतात आणि नेम्ड पाइप्स त्याच रस्त्यानं येतात. एक्सपी प्रोफेशनलवर ही मर्यादा १० होती. एरर येते सिस्टिम एरर ७१. कमांड प्रॉम्प्टवर 'नेट कॉन्फिग सर्व्हर' टाकलं की कमाल लॉगिनचा आकडा दिसतो, 'नेट सेशन'नं कोण बसलंय ते दिसतं. यावर उपाय: एसक्यूएल सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी/आयपी चालू करा, आयपीऑलखालचा डायनॅमिक पोर्ट पुसून १४३३ लिहा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, फायरवॉलमध्ये पोर्ट उघडा आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये सर्व्हरच्या नावाआधी 'टीसीपी:' लावा. फॉक्सप्रो किंवा अ‍ॅक्सेसची फाइल शेअर केलेली असेल तर हा उपाय नाही, तिथं विंडोज सर्व्हरच घ्यावा लागेल. तसं स्पष्ट सांगा ना!

सगळ्यात संतापजनक प्रकार म्हणजे प्रोग्रामनं स्वतःच ठेवलेलं लॉगिन टेबल. आत आल्यावर एक ओळ भरते, बाहेर पडताना पुसते. प्रोग्राम मध्येच बंद पडला की ओळ तशीच राहते आणि माणूस घरी गेला तरी त्याची जागा भरलेली. काही ठिकाणी तर माणसांऐवजी कनेक्शन्सच मोजतात. एका माणसाचा मुख्य फॉर्म, रिपोर्ट आणि बॅकग्राउंड टायमर मिळून तीन कनेक्शन्स होतात, म्हणजे दहा युजरचे पैसे भरून चौथा माणूस बाहेर. यावर साधन डेटाबेसमध्येच आहे: एसक्यूएल सर्व्हरमध्ये एसपी_गेटअ‍ॅपलॉक, लॉक-ओनर 'सेशन' ठेवून, आणि ओरॅकलमध्ये डीबीएमएस_लॉक. दोन्हींनी प्रोग्रामला सेशनच्या नावावर लॉक, म्हणजे कुलूप, लावता येतं. सेशन मेलं की लॉक आपोआप सुटतो, पुसायला कुणी लागत नाही. वर्षानुवर्षं एएमसी, म्हणजे देखभालीचे वार्षिक पैसे, घेणाऱ्यांनी एवढं केलं नाही, ही गोष्ट माफ करण्यासारखी नाही.

मात्र पूलिंग, म्हणजे अनेक माणसांत मोजकी कनेक्शन्स वाटून वापरणं, लावून कनेक्शन्स कमी केली म्हणून कायद्यानं लागणारी लायसन्स कमी होत नाहीत. ओरॅकल आणि मायक्रोसॉफ्ट दोघंही पूलच्या मागची माणसं किंवा मशीन मोजतात. तेवढे पैसे रास्त आहेत, ते भरा. पण पुढचं कोटेशन आलं की आधी एरर नंबर लेखी मागा, त्या वेळची सेशनची यादी होस्टच्या नावासकट मागा, आणि ती मिळाल्याशिवाय पर्चेस ऑर्डरवर सही करू नका.