दिनविशेष नुसता वाचू नका, जोडून सांगा

रोज सकाळी मोबाइलवर येणारा ‘आजचा दिनविशेष’ मी मनापासून वाचते. शाळेत परिपाठाला तो घडाघडा म्हणून दाखवणारी मुलंही मला आवडतात. पण त्या यादीत जन्म आणि मृत्यू एवढंच असतं. मधल्या आयुष्यात त्या माणसानं काय केलं, कुठे केलं, याचा पत्ता नसतो. एक तारीख दुसरीला जोडलेली नसते, म्हणून दुपारपर्यंत सगळं विसरलं जातं.

आपल्या नाशिकचंच बघा. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छांचा पूर येतो. तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा (वि. वा. शिरवाडकरांचा) हा जन्मदिवस. (मराठी राजभाषा दिन वेगळा, तो 1 मेला. दरवर्षी ही सरमिसळ होते आणि दरवर्षी मला राहवत नाही.) तीन-चार दिवसांत 2 मार्च उजाडतो आणि बहुतेक ग्रुप गप्प असतात. 1930 साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीतल्या काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. देवळाचे दरवाजे बंद होते. सत्याग्रही, त्यांत बायकाही, दारांसमोर ठाण मांडून बसले. रामनवमीच्या रथाच्या वादातून दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या साथीदारांनी हा लढा वर्षानुवर्षं नेटानं चालवला आणि तरीही दार उघडलं नाही.

आता या दोन तारखा जोडून पाहा. एचपीटी कॉलेजात शिकणारे विशीतले शिरवाडकर 1932 मध्ये याच सत्याग्रहात सहभागी झाले होते. हे 27 फेब्रुवारीला किती शाळांत सांगितलं जातं? कवीचा फोटो, हार, एक कविता, झालं. आणि पुढे चला: 13 ऑक्टोबर 1935, आपल्याच जिल्ह्यातलं येवला. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही बाबासाहेबांची घोषणा तिथली. काळारामाचं बंद दार डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय येवला कळत नाही, आणि येवल्याशिवाय 14 ऑक्टोबर 1956 चं नागपूरचं धर्मांतर कळत नाही. आपल्या यादीत मात्र ही सगळी सुटी सुटी पडलेली असतात.

गैरसोयीच्या तारखा गाळायच्या आणि गोड तेवढ्या फिरवायच्या, हे मला मान्य नाही. पंचवटीत रोज दर्शनाला जाणाऱ्या माणसाला 2 मार्च ठाऊक असायलाच हवा.

सिनेमावाल्या दादासाहेब फाळक्यांचंही तसंच. 30 एप्रिल 1870, जन्म त्र्यंबकेश्वर. 16 फेब्रुवारी 1944, मृत्यू नाशिक. यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कुठे आहेत? कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यापासून रसायनं मिसळण्यापर्यंत कामं करणारी ही बाई, शिवाय कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाकही बघायची. ‘मोहिनी भस्मासुर’ नाशिकमध्ये तयार झाला आणि त्यात दुर्गाबाई कामत व त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. बायकांच्या भूमिका पुरुष करत होते, त्या 1913 सालची ही गोष्ट आहे. फाळक्यांच्या जयंतीला या तिघींची नावं घ्यायला किती वेळ लागतो?

21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. जॅक्सनची बदली झाली होती आणि निरोपाचं नाटक चालू होतं. त्याआधी बाबाराव सावरकरांवर झालेला खटला सांगितला तरच मुलांना ‘का’ कळतं. पुढे 19 एप्रिल 1910 ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना ठाण्यात फाशी झाली.

शिक्षक मित्रमैत्रिणींना माझं सांगणं आहे, रोज दहा नोंदी नकोत. एकच घ्या. चार ओळी सांगा, गाव सांगा, आधीची-नंतरची तारीख सांगा. मजकूर फॉरवर्डमधून न उचलता एखाद्या पुस्तकात ताडून घ्या. 1840 पासूनचं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, आपल्या गावातच आहे. निफाडच्या शाळांनी 18 जानेवारीला न्यायमूर्ती रानडे सांगावेत, विहितगावात 17 जुलैला बाबुराव बागुल. आणि सिन्नर तालुक्यात देशवंडीचे वामनदादा कर्डक 15 ऑगस्टला जन्मले, 1922 साली. त्यांचा दिवस स्वातंत्र्यदिनाखाली दरवर्षी झाकला जातो. यंदा झेंडावंदनानंतर तिथल्या पोरांनी वामनदादांचं एक गाणं म्हणावं. कोणत्या शाळेत म्हटलं ते मला जरूर कळवा, मी ऐकायला येईन.