घटना बदलायची आहे? आधी बंदुका मोजा

एखादं छोटंसं राज्य गिळायचा बेत असेल, तर तोफांनी सुरुवात करू नका. ते गावंढळ दिसतं. हवाई बेटांच्या राज्याची राजधानी होनोलुलू; तिथल्या गोऱ्या साखरवाल्यांची रीत शिका.

पहिली पिढी बायबल देऊन पाठवा. हवाईत अमेरिकन मिशनरी १८२० साली उतरले. शाळा काढल्या, राजाला सल्ले दिले. भटाला दिली ओसरी ही म्हण त्यांच्या कानावर गेलेली नसावी, पण आचरण बिनचूक होतं. मुलं-नातवंडं जमिनीत, उसात आणि कोर्टकचेरीत स्थिरावली.

घटना मात्र राजालाच देऊ द्या. तिसऱ्या कामेहामेहानं १८४० मध्ये पहिली दिली, १८५२ मध्ये तिच्याहून उदार. पाचव्या कामेहामेहानं तिची शपथच घेतली नाही. १८६४ मध्ये परिषद बोलावली. मतदाराकडे मालमत्ता हवी की नको यावर ती अडली, तेव्हा सदस्यांना घरी पाठवून त्यानं स्वतःची घटना लावून टाकली. हा दाखला जपून ठेवा. राजा घटना बदलतो, मग आम्ही का नाही, असं पुढे म्हणता येतं.

मग १८८७. राजा कलाकौआ उधळ्या आहे अशी ओरड करा. (थोडं खरंही होतं, त्यानं काम सोपं होतं.) गोऱ्यांची ‘होनोलुलू रायफल्स’ ही पलटण शस्त्रं घेऊन उभी करा आणि ६ जुलैला मसुदा पुढे सरकवा. पेन त्याच्या हातात, बंदूक तुमच्या. विधिमंडळाला विचारू नका, लोकांना तर नाहीच. कलमं अशी: राजाला स्वतःच्या मर्जीनं मंत्री काढता येणार नाहीत. वरच्या सभागृहासाठी मत हवं तर ३००० डॉलरची मालमत्ता किंवा वर्षाला ६०० डॉलर उत्पन्न दाखवा. म्हणजे बहुतेक हवाईयन आपोआप बाहेर. चिनी-जपानी सरसकट बाद. अमेरिकन किंवा युरोपियन रहिवाशानं मात्र आपलं नागरिकत्व न सोडता मत द्यावं. लोक हिला ‘संगिनीची घटना’ म्हणतील. तुम्ही ‘सुधारणा’ म्हणत राहा.

१४ जानेवारी १८९३ ला कलाकौआची बहीण आणि वारस, राणी लिलिउओकलानी, नवी घटना आणू पाहते. मंत्री सही करत नाहीत, ती बेत पुढे ढकलते. एवढ्यावरच बोंब ठोका: राणीनं घटना मोडली हो! तेरा जणांची समिती काढा, नाव ‘सुरक्षा समिती’. अमेरिकेचा राजदूत आपलाच आहे; जीव धोक्यात आहेत असं त्याला कळवा. ‘बोस्टन’ या अमेरिकी युद्धनौकेवरून १६२ सैनिक उतरतील आणि अमेरिकनांची घरंदारं सोडून नेमके सरकारी इमारतीशेजारी मुक्काम ठोकतील. दुसऱ्या दिवशी राज्य तुमचं.

आता लोकशाही आणा. १८९४ च्या घटना परिषदेत १९ जण तुमचे तुम्हीच बसा, निवडून आणायचे फक्त १८. मतदाराकडून राजेशाही परत आणणार नाही अशी शपथ घ्या. घोषणेला मुहूर्त ४ जुलैचा.

पुढल्या वर्षी राणीच्या बाजूचा उठाव फसला, की तिच्यावर तिच्याच सिंहासनाच्या दालनात लष्करी खटला चालवा. गुन्हा: माहीत असून सांगितलं नाही. शिक्षा: पाच वर्षं सक्तमजुरी, ५००० डॉलर दंड. प्रत्यक्षात मजुरी करून घेऊ नका, बरं दिसत नाही. राजवाड्याच्याच माडीवरच्या खोलीत कोंडा.

तिथं तिनं गोधडी शिवायला घेतली. मधोमध हवाईचे झेंडे, भोवती टाक्याटाक्यानं भरलेल्या तारखा आणि नावं. त्याच राजवाड्यात लोक ती आजही बघायला जातात. तेव्हा कोंडताना सुईदोरा आधी काढून घ्या.