रँग्लर परांजप्यांना तेवढं सोडा

रविवारी सकाळी साडेसातला आत्याचा फोन. "अरे, रँग्लर परांजप्यांचा मेसेज वाचलास का? चिनूला भाषणासाठी पाठच करायला देतेय. आणि खाली वैदिक गणिताच्या क्लासचा नंबर आहे, नाव घालून टाकू ना?" त्याच आठवड्यात तो मेसेज मला सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा आला होता. तेव्हा गप्प बसलो, ही माझी चूक.

मेसेजचं सार असं: 'पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू र. पु. परांजपे रोजची संध्या आणि वैदिक गणित यांच्या बळावर केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत पहिले आले. ते पहिले भारतीय रँग्लर, म्हणजे त्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले. चिडून इंग्रजांनी परीक्षाच बंद केली. पुढे आयुष्यभर फर्ग्युसनमध्ये तुटपुंज्या पगारावर शिकवलं.' आणि लगेच, 'आपल्या पाल्यालाही घडवा!'

संध्या? अहो, हा माणूस जाहीर नास्तिक होता. बुद्धिप्रामाण्यवाद्यांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. दापोलीजवळच्या मुर्डीचं हे पोर नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांच्या आधाराने शिकलं. त्याच कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं. अशा घरातून आलेल्या माणसाच्या हातात तुम्ही पळी-पंचपात्र देता? आणि वैदिक गणिताचं जे पुस्तक दाखवून हे क्लास चालतात, ते छापलं गेलं १९६५ साली. परांजप्यांची परीक्षा १८९९ची. सहासष्ट वर्षं आधी त्यांनी ते कुठून वाचलं, हे क्लासवाल्यांनी फी घेण्याआधी सांगावं. मेलेल्या माणसाच्या नावावर त्याला न पटणारा माल खपवायचा आणि वर पोरांना तेच पाठ करायला लावायचं, याचा मला खरा राग आहे.

परीक्षा बंद केली म्हणे! केंब्रिजची १८९९ची यादी बघा. पहिल्या जागेवर दोन नावं आहेत, परांजपे आणि बर्टविसल, दोघांना सारखा मान. नंबरवार यादी त्यानंतर आणखी दहा वर्षं, १९०९पर्यंत लागत होती. परीक्षा तर आजही होते आणि शेवटच्या वर्षी पहिल्या वर्गात येणाऱ्याला आजही रँग्लरच म्हणतात. ते गेले होते सरकारी शिष्यवृत्तीवर, आणि पुढे १९४२ साली त्याच चिडलेल्या इंग्रजांनी त्यांना 'सर' केलं. रागाचा हा प्रकार मला नवीन आहे.

पहिले भारतीय रँग्लर? नाही. आनंद मोहन बोस १८७४ सालीच झाले होते. परांजपे पहिले भारतीय सीनियर रँग्लर, म्हणजे यादीत अव्वल आलेले. एवढ्यावर भागत नाही का आपलं?

फर्ग्युसनचं मात्र निम्मं खरं आहे, मान्य करतो. केंब्रिजहून आल्यावर कुठलीही बडी नोकरी मिळाली असती, तरी ते १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि जवळजवळ दोन दशकं तिथे राहिले. पण 'आयुष्यभर' नाही. पुढे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले, ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर झाले.

राहिले पहिले कुलगुरू. ते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला डबा घेऊन बसलेल्या कुठल्याही पोराला विचारा. परांजपे त्यांच्यानंतर, १९५६ साली आले, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. त्याआधी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचे आणि मग लखनौचे कुलगुरू होऊन चुकले होते. एका माणसाने तीन विद्यापीठं सांभाळली, हे मेसेजवाल्याला सुचलंच नाही.

आत्याला म्हटलं, क्लासला नाव घालू नकोस. ती म्हणाली, "बरं. पण मग भाषणात काय म्हणायचं?" हे लिहून तिलाच पाठवतोय.