डायपरचं विचारलं तर म्हणे मॅम तुम्ही रिलॅक्स करा

काल संध्याकाळी डेकेअरमधून पोरगं घरी आणलं, कपडे काढून बघते तर सकाळी मी घातलेला डायपर अंगावर. तसलाच नाही, तोच. आता कुणीतरी शहाणं विचारणारच की कशावरून, सगळे डायपर सारखेच दिसतात. तर सकाळच्या घाईत त्याची डावी पट्टी निम्मी फाटली होती आणि टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून मी वरून मायक्रोपोर टेप लावली होती, ती टेप संध्याकाळी साडेसहाला जागच्या जागी! डायपर फुगून गुडघ्यापर्यंत लोंबतोय, जांघेत लालभडक, पाणी लागलं की पोरगं असं किंचाळतंय की शेजारच्या काकू बघायला आल्या. आणि डेकेअरच्या अ‍ॅपवर काय लिहिलंय? डायपर चेंज १०.४०, १२.५०, ३.३०, पुढे हसरा चेहरा. त्यातली ३.३० ची नोंद मला दुपारी दोनच्या आसपासच येऊन पडली होती. म्हणजे माझ्या पोराची पुढची शू यांना दीड तास आधीच कळते. सकाळी बॅगेत पाठवलेले डायपर मात्र तेवढेच परत, घडीसुद्धा मोडलेली नाही.

बरं, मी काही तावातावाने फोन नाही केला. रात्री सभ्यपणे मेसेज टाइप केला, नमस्कार मॅम वगैरे, टेपचा फोटो, अ‍ॅपचा स्क्रीनशॉट, खाली "कृपया एकदा बघाल का". कृपया! पोराला क्रीम लावता लावता एका हाताने कृपया टाइप करतेय मी. निळ्या टिका लगेच आल्या, उत्तर आलं आज सकाळी, आणि तेही व्हॉइस नोट. व्हॉइस नोट पाठवणाऱ्या जमातीवर माझा आधीपासूनच राग आहे, दोन ओळींचं काम असतं आणि आपण लिफ्टमध्ये कानाला फोन लावून यांचं प्रवचन ऐकायचं. तर प्रवचन असं, "मॅऽऽम गुड मॉर्निंग, आय टोटली अंडरस्टँड, वर्किंग मदर्सना ना थोडा गिल्ट असतो, मग छोट्या छोट्या गोष्टी पण मोठ्या वाटायला लागतात, तुम्ही जरा रिलॅक्स करा, बेबी आमच्याकडे खूऽऽप हॅपी असतो."

गिल्ट?? अहो बाई, मी डायपर विचारला. डायपर बदलला की नाही, हो किंवा नाही, बदलला नसेल तर का नाही आणि मग अ‍ॅपवर ते आकडे कुणी कुठल्या मुहूर्तावर टाकले, एवढाच प्रश्न आहे. दुधात पाणी का म्हणून विचारावं आणि गवळ्याने उलट विचारावं की वहिनी, तुम्हाला रात्री झोप नीट लागते ना? माझ्या गिल्टचं मी बघेन, त्याचे पैसे मी तुम्हाला देत नाही. आणि ते "छोट्या गोष्टी"! दीड वर्षाच्या पोराच्या आयुष्यात मोठ्या गोष्टी कुठल्या असतात तेही सांगा म्हणजे, होम लोन? खाणं, झोपणं, शी, शू आणि पडलं तर उचलून घेणारं माणूस, संपला कारभार, आणि त्याच कारभाराचे महिन्याला चौदा हजार मोजते मी. शिवाय ही व्हॉइस नोट संपल्यावर पाचच मिनिटांत पालकांच्या ग्रुपवर कोट, सूर्योदयाच्या फोटोवर, पॉझिटिव्ह पेरेंटिंगबद्दल. मला नाव घेऊन बोलल्या असत्या तर एवढं लागलं नसतं.

यावर कळस ऐका. नवऱ्याने ऑफिसला जाताना सहज फोन केला, "ते डायपरचं जरा बघा हं" एवढंच बोलला, पूर्ण वाक्यसुद्धा नाही, तर तिकडून "सॉरी सर, एक्स्ट्रीमली सॉरी सर, दीदींना आत्ताच सांगते सर". याला नाही गिल्ट! हा पण वर्किंगच आहे ना? फोन ठेवून मला म्हणतो, बघ, नीट बोललं की होतं.

दीदींवर माझा राग नाही, खरंच नाही. एकेकीच्या वाट्याला दहा-बारा पोरं, त्यातलं एक रडतंय, एक चावतंय, एक शूज कमोडमध्ये टाकतंय, आणि त्यांना हातात काय मिळतं ते कुणी सांगत नाही पण दर दोन-तीन महिन्यांनी नवीन चेहरा दिसतो त्यावरून कळायचं ते कळतं. भिंतीवरचे जिराफ मात्र दरवर्षी नव्याने रंगवतात.

आता विषय निघालाच आहे तर, ते दुपारचं साडेचारपर्यंत झोपवणं बंद करा. तुम्हाला शांतता मिळते, आमच्याकडे रात्री साडेबाराला साहेब चमचा घेऊन पातेली बडवतात. सांगितलं तर "पण तो स्वतःच झोपतो मॅम". आणि टीव्ही. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की एक वर्षाच्या मुलांना स्क्रीन नकोच, दोन वर्षांनंतरसुद्धा दिवसाला एक तासाच्या वर नाही, आणि इथे माझं पोरगं घरातल्या बंद टीव्हीपुढे जाऊन हात जोडून "लाइम लाइम" करतंय. राइम्स हो. आम्ही घरी लावतच नाही, मग शिकलं कुठून? हरवलेले मोजे, दुसऱ्याच्या बाटल्या हे मी सोडूनच दिलंय, माझ्याकडे सध्या कुणा एका ऋग्वेदचं झबलं आहे. सीसीटीव्हीचा सर्व्हर तर आम्ही अ‍ॅडमिशन घेतल्यापासून डाऊन आहे, २०१६ ला खारघरच्या पाळणाघरातलं, सांभाळणारी बाई बाळाला मारतानाचं ते फुटेज ज्यांनी बघितलंय त्यांना या "सर्व्हर डाऊन"ने पोटात काय होतं ते सांगायला नको. पण घ्यायला दहा मिनिटं उशीर झाला की दोनशे रुपये, त्या वेळी घड्याळ अगदी सेकंदावर चालतं. आणि शुक्रवारी म्हणे रेड डे, घरातली लाल वस्तू पाठवा. पोराच्या ढुंगणाइतकं लाल सध्या आमच्या घरात काही नाही, तेच पाठवते.

एचआरला जाऊन कळवळून सांगितलं तर तिथे अजून मजा. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभाच्या कायद्यात आलंय, सव्वीस आठवड्यांची रजा, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने पाळणाघराची सोय करायची, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाऊ द्यायचं. आमच्या कंपनीची सोय म्हणजे याच डेकेअरशी टाय-अप, फीमध्ये दहा टक्के सूट. डेकेअर बाणेरला, मी हिंजवडी फेज थ्रीला. चार वेळा! एकदा भेटायला निघाले तर वाकडच्या पुलावरच पोराची मुंज होईल. एचआरची पोरगी गोड हसून म्हणाली, मॅम पॉलिसीमध्ये आहे, तुम्ही अव्हेल करू शकता.

रात्री सगळं सुचलं होतं मला. चार परिच्छेद, कायद्याच्या कलमासकट, शेवटी "अन्यथा" हा शब्द, अन्यथा लिहिताना काय बळ येतं अंगात! आणि आज सकाळी गेटवर मॅम समोर आल्या तर माझ्या तोंडातून निघालं काय, "गुड मॉर्निंग मॅम, कुर्ता छान आहे हं". कुर्ता! काय करणार, पोरगं दिवसभर त्यांच्या ताब्यात असतं. दुसऱ्या डेकेअरला विचारून ठेवलंय, त्यांच्याकडे वेटिंग आहे, सासूबाई म्हणतात गावी पाठव माझ्याकडे, म्हणजे तोही एक वेगळा लेख होईल. येताना निदान हसून का होईना म्हटलं की आजपासून प्रत्येक डायपरवर मी पेनाने नंबर टाकून पाठवतेय. दीदी हसल्या, मॅम नाही हसल्या.

बाकी यापुढे तक्रारीचं खातं नवऱ्याकडे दिलंय. सर आहेत ते, त्यांचं ऐकतात. संध्याकाळी मी मुद्दे सांगत होते, त्याने मन लावून फोनमध्ये लिहून घेतले, आणि शेवटी विचारलं, "आपण साइज कुठला वापरतो गं?"